उत्तरध्रुवाच्या वाटेवरील आवर्त

अमरकोशांत 'आवर्त' या शब्दाचा अर्थ पाण्याचा 'भ्रम' असा सांगितला आहे. भ्रम म्हणजे गरगर फिरणें, आणि भ्रम म्हणजे भलतीच समजूतही. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे नांदतात हें पाहावयाचें असेल, तर नॉर्वे देशाच्या उत्तर किनाऱ्यासारखें दुसरें स्थळ नाहीं. तेथील समुद्रांत एक भोंवरा आहे. त्याची धास्ती युरोपांतील खलाशांनीं व कथाकारांनीं शतकानुशतकें घेतली. पण भरतीओहोटीच्या वेळा जाणून जो जाईल त्याचें तो फारसें कांहीं बिघडवीत नाहीं. त्याच समुद्रांत दुसरे शेंकडों भोंवरे आहेत. ते डोळ्यांस दिसत नाहींत, त्यांची गर्जना होत नाहीं, त्यांवरून आगबोट गेली तरी उतारूंस पत्ता लागत नाहीं. परंतु ध्रुवाभोंवतालचें बर्फ किती टिकेल व किती वितळेल या प्रश्नांत त्यांचा मोठा हात आहे. या दुसऱ्या जातीच्या भोंवऱ्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

आमचे धाकटे चिरंजीव बर्गन शहरीं नोकरीस असल्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत त्या देशीं जाण्याचा योग आला. बर्गनहून उत्तरेकडे किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणारी आगबोट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. माल व उतारू घेऊन ती लहानमोठ्या बंदरांस लागत लागत जाते. मुंबईहून रत्नागिरी-मालवणकडे जाणाऱ्या जुन्या आगबोटींची ज्यांस आठवण असेल, त्यांस हा प्रवास परका वाटणार नाहीं. मात्र येथें माडांच्या जागीं काळे कातळ आणि त्यांच्या माथ्यावर आषाढांतही न विरघळणारें हिम! आम्हां उभयतांचें शाकाहाराचें व्रत बोटीवरील बल्लवानें बटाटे, पाव, दूध व लोणी यांवर निभावून नेलें. ६६॥ अंशांचें वृत्त ओलांडल्यावर सूर्य मावळेनासा झाला. लोकमान्यांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आर्यांच्या मूलस्थानाविषयींच्या ग्रंथामुळें ध्रुवाकडील दीर्घ दिवस महाराष्ट्रांतील सुशिक्षित घराण्यांस वाचून ठाऊक आहेतच. तरी मध्यरात्रीं बारा वाजतां डेकवर उभें राहून वर्तमानपत्र वाचतांना सायंसंध्येची वेळ कोणती धरावी, हा प्रश्न आमच्यापुढें खरोखरीच उभा राहिला.

परंतु याहून मोठें नवल निराळेंच होतें. ट्रॉम्सो हें शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ ७० अंशांवर आहे. त्याचें बंदर भर हिवाळ्यांतही गोठत नाहीं. याच अक्षांशाच्या रेषेवर पश्चिमेकडे गेलें असतां ग्रीनलंडचा पूर्वकिनारा लागतो. तेथील इत्तोक्कोर्तूर्मीत नांवाचें लहानसें गांव वर्षांतून सुमारें नऊ महिने बर्फानें वेढलेलें असतें. सूर्य दोन्ही ठिकाणीं सारखाच तिरपा. मग एकास बर्फाचा वेढा आणि दुसऱ्यास मोकळें बंदर कां? शाळेंतील नकाशावर याचें उत्तर तांबड्या बाणानें दाखविलेलें असतें. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेलें ऊन पाणी अटलांटिक महासागर तिरपा ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्यास लागतें, आणि त्याची एक शाखा पूर्वेस बॅरंट्स समुद्रांत व दुसरी सरळ उत्तरेस स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम अंगानें ध्रुवाकडे जाते. बाण खोटा नाहीं. पण बाणाकडे पाहून असें वाटतें, कीं नळांतून यावें तसें हें पाणी एका धारेनें येतें आणि टोंकाशीं आपली ऊब ओतून मोकळें होतें. समुद्राचा व्यवहार इतका सरळ नाहीं. या तांबड्या प्रवाहाला वाटेंत पदोपदीं गळती लागलेली असते, आणि ती गळती भोंवऱ्यांच्या रूपानें होते.

प्रथम दिसणाऱ्या भोंवऱ्यांविषयीं सांगूं. बोडो गांवापासून मोटारीनें अर्ध्यापाऊण तासाच्या अंतरावर साल्टस्ट्राऊमन नांवाची चिंचोळी खाडी आहे. तिची रुंदी सुमारें १५० मीटर व लांबी ३ किलोमीटर. भरतीओहोटीच्या प्रत्येक फेऱ्यांत, म्हणजे सहा तासांत, सुमारें ४० कोटी घनमीटर पाणी या अरुंद दारांतून ढकललें जातें. जगांतील अत्यंत जोराच्या भरतीच्या प्रवाहांत त्याची गणना होते. आम्ही पुलावर उभे असतां खालीं हिरवट पाणी उकळल्यासारखें उसळत होतें, आणि बघतां बघतां दहा मीटर व्यासाचे भोंवरे उत्पन्न होऊन, मध्यें खळगा पडून, क्षणांत मोडत होते. समुद्रपक्ष्यांचा थवा त्यांवर घिरट्या घालीत होता. पाणी ढवळलें जाऊन मासे वर येतात, म्हणून काठावर गळ टाकून बसलेली मंडळीही पुष्कळ होती.

याच्या वायव्येस लोफोटेन बेटांच्या टोंकाशीं मॉस्कस्ट्राऊमन नांवाचा दुसरा प्रवाह आहे. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकानें १८४१ सालीं एक गोष्ट लिहिली, तींतील जहाजें गिळणारा महाभोंवरा तो हाच. आणि जूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची पाणबुडी शेवटीं जेथें सांपडते तेंही ठिकाण हेंच. खरा मॉस्कस्ट्राऊमन म्हणजे उघड्या समुद्रांतील भरतीओहोटीचा खळखळाट. तळाशीं नेणारी विवरें त्यांत नाहींत. भरती उतरली कीं तो निवतो. उष्णता दूरवर वाहून नेण्याचें सामर्थ्यही त्याच्या अंगीं नाहीं. कारण जें पाणी सहा तासांपूर्वीं गेलें तेंच सहा तासांनीं परत येतें.

हा सुप्रसिद्ध भोंवरा ज्या जुन्या नकाशावर चितारलेला आहे, त्याच नकाशांत मात्र एक चमत्कार दडून राहिला होता. ओलाउस मॅग्नुस या स्वीडिश धर्मगुरूनें १५३९ सालीं व्हेनिस येथें उत्तरदेशांचा मोठा नकाशा छापविला. त्यांत राक्षसी मासे, समुद्रसर्प इत्यादि गोष्टींची रेलचेल आहे. आइसलंड व फेअरो बेटें यांच्या दरम्यान समुद्रावर गोल गोल वेटोळ्यांची एक रांग काढलेली आहे. कलावंतानें रिकामी जागा भरण्यासाठीं काढलेली नक्षी, असेंच कोणासही वाटलें असतें. परंतु २००३ सालीं रॉसबी व मिलर या दोन शास्त्रज्ञांनीं हीं वेटोळीं उपग्रहांनीं घेतलेल्या समुद्रपृष्ठाच्या उष्णतेच्या चित्रांशीं ताडून पाहिलीं. जेथें दक्षिणेकडील ऊन पाणी व उत्तरेकडील थंड पाणी यांची सीमा आहे, नेमक्या त्याच पट्ट्यांत तीं काढलेलीं आहेत, आणि तेथें आजही मोठमोठे भोंवरे उठतात, असें त्यांना आढळलें. त्या धर्मगुरूस हें ज्ञान बहुधा त्या वाटेनें जाणाऱ्या खलाशांकडून मिळालें असावें. पाण्याचा रंग पालटतो, ऊबदारपणा बदलतो, बोट न कळत एका अंगास ओढली जाते, हें जुने खलाशी जाणत असले पाहिजेत.

शास्त्रीय पद्धतीनें या प्रश्नास हात घालणारे पहिले पुरुष बर्गनशींच संबंध असलेले होते. फ्रिड्ट्यॉफ नान्सेन हे तरुणपणीं तेथील वस्तुसंग्रहालयांत कामास होते. पुढें त्यांनीं हेलंड-हान्सेन यांच्यासह नॉर्वेजियन समुद्रावर १९०९ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ठराविक अंतरांवर बोट थांबवावयाची, निरनिराळ्या खोलीचें पाणी वर काढावयाचें, त्याची उष्णता व खारटपणा मोजावयाचा आणि आलेख काढावयाचा, असा त्यांचा क्रम असे. त्या आलेखांतील रेषा सरळ न येतां लाटांसारख्या वरखालीं होत. या लाटांचें कोडें त्यांस पुरतें सुटलें नाहीं. त्यांतील पुष्कळशा लाटा म्हणजे भोंवऱ्यांचे उभे छेद होत, असें आज आपणांस म्हणतां येतें.

आतां हे भोंवरे होतात कसे तें पाहूं. ऊन पाणी हलकें, थंड पाणी जड. दोन्ही शेजारीं आलीं कीं ऊन पाण्याचा जणुं एक उंचवटा होतो. समुद्राचा पृष्ठभागही तेथें कांहीं बोटें वर आलेला असतो. उंचवट्यावरचें पाणी सर्व बाजूंनीं खालीं ओघळूं पाहतें. पृथ्वी स्थिर असती तर तें तसें ओघळून गेलें असतें आणि सर्व कांहीं समपातळींत आलें असतें. परंतु पृथ्वी फिरते. त्यामुळें उत्तर गोलार्धांत वाहत्या पाण्याला उजवीकडे वळण मिळतें. खालीं जाऊं पाहणारें पाणी वळतां वळतां उंचवट्याच्या भोंवतींच फिरूं लागतें, आणि तें फिरणें देवळांतील प्रदक्षिणेच्या दिशेनें होतें. प्रदक्षिणा चालू आहे तोंवर मधील ऊन पाणी कोंडलेलें राहतें. अशा रीतीनें एखाद्या झांकणाच्या डब्यांत कढत दूध न्यावें, त्याप्रमाणें भोंवरा आपल्या पोटांत ऊन पाणी घेऊन महिनेच्या महिने समुद्रांत भटकतो. थंड पाण्याच्या खळग्याभोंवतीं सामान्यतः याच्या उलट, अप्रदक्षिण फेरे होतात.

लोफोटेन बेटांच्या पश्चिमेस समुद्राचा तळ एकदम खोल जातो. तेथें ३००० मीटरांहून अधिक खोलीचें एक विस्तीर्ण खोरें आहे. ऊन प्रवाह या उताराच्या कडेनें वाहतांना डळमळतो, आणि पूर आलेल्या नदीच्या धारेंतून पुलाच्या खांबापाशीं भोंवरे सुटावे तसे त्यांतून भोंवरे सुटून पश्चिमेस खोऱ्यांत शिरतात. खोऱ्याच्या मध्यभागीं एक मोठा भोंवरा कायमचा ठाण मांडून बसलेला आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत सोव्हिएट संशोधकांस त्याचा शोध लागला. तो प्रदक्षिणेच्या दिशेनें फिरतो, त्याची ऊब हजार मीटरांहूनही खोल पोंचते, आणि किनाऱ्याकडून आलेले लहान भोंवरे गिळून तो आपलें बळ राखतो. पो याच्या कल्पनेंतील महाभोंवरा जेथें नव्हता, तेथून कांहीं अंतरावर, कोणालाही न दिसणारा हा खरा महाभोंवरा फिरत होता! भोंवऱ्यांनीं ऊन पाणी असें दूरवर पसरविल्यामुळें लोफोटेनचें खोरें हें नॉर्डिक समुद्रांतील उष्णतेचें सर्वांत मोठें कोठार बनलें आहे. हिवाळ्यांत थंड वारे त्यावरून वाहतात तेव्हां ही उष्णता हवेस मिळते. एक घनमीटर पाणी एका अंशानें निवलें तर ३००० घनमीटरांहून अधिक हवा एका अंशानें तापते. यावरून नॉर्वेच्या सौम्य हिवाळ्याचें मर्म ध्यानांत येईल.

ट्रॉम्सोहून आम्ही विमानानें दीड तासांत स्वालबार्ड द्वीपसमूहांतील लाँगियरब्यन येथें गेलों, व तेथून लहान बोटीनें आणखी उत्तरेस निघालों. डावीकडे, क्षितिजापलीकडे ग्रीनलंड. उजवीकडे स्पिट्सबर्गनचे टोंकदार डोंगर. या दोहोंमधील ४५० किलोमीटरांच्या समुद्रास फ्राम सामुद्रधुनी म्हणतात. ध्रुवसमुद्राचें हें एकच खोल महाद्वार आहे. पूर्व अंगानें ऊन पाणी आंत जातें, पश्चिम अंगानें बर्फ व थंड पाणी बाहेर पडतें. दोन्ही प्रवाह समोरासमोर असल्यामुळें मध्यें भोंवऱ्यांची अखंड झुंबड असते. आंत निघालेल्या ऊन पाण्याचा बराच भाग हे भोंवरे मध्येंच ओढून पश्चिमेस फेंकतात. तें पाणी थंड पाण्याखालीं बुडून पुन्हां दक्षिणेची वाट धरतें. म्हणजे ध्रुवाकडे किती ऊब जावयाची व किती अर्ध्या वाटेवरून परत फिरावयाची, याची वांटणी या दारांतील भोंवरे करीत असतात.

सामुद्रधुनीचें 'फ्राम' हें नांव नान्सेन यांच्या जहाजावरून पडलें. १८९३ सालीं त्यांनीं हें जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून घेतलें आणि १८९६ पर्यंत तें बर्फाबरोबर वाहूं दिलें. त्या सफरींत त्यांना असें आढळून आलें, कीं ध्रुवसमुद्राच्या पृष्ठाजवळचें पाणी गोठण्याच्या बेतांत असलें, तरी सुमारें दोनशें मीटरांच्या खालीं शून्य अंशाहून अधिक ऊन असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. हें अटलांटिकचेंच पाणी. आपल्या घरीं न्हाणीच्या बादलींत ऊन पाणी वर राहतें आणि थंड खालीं. येथें उलटा प्रकार कां? याचें कारण मीठ. इतक्या थंडींत पाण्याचें वजन उष्णतेपेक्षां मिठावर अधिक अवलंबून असतें. अटलांटिकचें पाणी ऊन असलें तरी अधिक खारें, म्हणून जड. वरचें पाणी थंड असलें तरी नद्यांच्या व वितळलेल्या बर्फाच्या भेसळीनें गोडसर, म्हणून हलकें. चुलींतील निखारा राखेखालीं झांकून ठेवावा, त्याप्रमाणें ही ऊब थंड थराखालीं झांकलेली आहे. ती सगळी एकदम वर येईल तर ध्रुवसमुद्रावरचें सर्व तरंगतें बर्फ वितळवून पुरून उरेल. ती येत नाहीं, याचें श्रेय मधल्या थराला. ही राख जेथें जेथें उकरली जाते, तेथें बर्फास धोका.

हा धोका केवढा, तें फळ्यावर मांडण्याजोग्या त्रैराशिकानें समजतें. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. समुद्राचें पाणी उणे १.८ अंशांस गोठतें. तेव्हां २.२ अंश उष्णतेचें एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपर्यंत निवतां निवतां ४ कॅलरी देतें. म्हणजे वीस ग्रॅम असें पाणी एक ग्रॅम बर्फ वितळवील. आतां दोनशें मीटर जाडीचा ऊन पाण्याचा भोंवरा घ्या. त्याची सर्व ऊब वरील बर्फास मिळाली, तर आपल्या विस्तारावरील सुमारें दहा मीटर जाडीचें बर्फ तो नाहींसें करील. आणि ध्रुवसमुद्रावरच्या बर्फाची जाडी बहुतेक ठिकाणीं एक ते तीन मीटरच असते! अर्थात् सर्व ऊब कधींच बर्फास मिळत नाहीं. बरीचशी पाण्यांतच मुरते. तरी हिशेबाचा आंकडा डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे.

बर्फाखालींही भोंवरे असतात, ही गोष्ट १९७० नंतर उघडकीस आली. अलास्काच्या उत्तरेस तरंगत्या बर्फावर छावण्या ठोकून संशोधकांनीं पाणी मोजलें. १९७५-७६ सालच्या मोहिमेंत शंभराहून अधिक भोंवरे त्यांच्या छावण्यांखालून गेले. व्यास दहा-वीस किलोमीटर, खोली पन्नासपासून तीनशें मीटरांपर्यंत, आणि बहुतेक सर्व प्रदक्षिणेच्या दिशेनें फिरणारे. कांहींच्या पोटांत थंड पाणी असतें, कांहींच्या पोटांत बेरिंग सामुद्रधुनींतून उन्हाळ्यांत आलेलें ऊन पाणी असतें. वर हिमाचें निश्चल आवरण आणि खालीं हीं चक्रें फिरताहेत, हें चित्र मनांत आणून पाहावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमची बोट काँग्सफ्योर्ड खाडींत शिरली. येथें ७९ अंशांच्या किंचित् अलीकडे नी-ऑलेसुन नांवाचें गांव आहे. पूर्वीं येथें कोळशाच्या खाणी होत्या. १९६२ सालीं झालेल्या अपघातांत एकवीस माणसें दगावल्यावर त्या बंद पडल्या. आमुंडसेन व नोबिले यांचें 'नोर्गे' विमान-जहाज १९२६ सालीं ध्रुवाकडे झेंपावलें तें येथूनच. त्यास बांधण्याचा लोखंडी खांब अद्यापि उभा आहे. हल्लीं हें गांव निरनिराळ्या देशांच्या संशोधकांचें आहे. आंतील यंत्रांस व्यत्यय नको म्हणून फिरते दूरध्वनि बंद ठेवावयास सांगतात, आणि त्यामुळें गांवांत अशी शांतता असते, कीं खाडीच्या टोंकाशीं हिमनदीचा कडा कोसळला तर त्याचा गडगडाट येथवर ऐकूं येतो. येथेंच २००८ सालीं सुरू झालेलें 'हिमाद्रि' हें भारताचें केंद्र आहे. देवनागरी अक्षरें त्या हिमभूमींत वाचतांना आमचा ऊर भरून आला, हें लपविण्याचें कारण नाहीं.

केंद्राबाहेर एक तरुण संशोधक भेटले. सौभाग्यवतींचें लुगडें पाहतांच त्यांनीं "काकू, पुण्याहून आलांत कां?" असें शुद्ध मराठींत विचारलें. ते मूळचे मालवणकडचे. गोव्यांत वास्को येथें जी ध्रुवीय व महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या कामासाठीं ते आले होते. या संस्थेनें २०१४ सालीं या खाडींत पाण्याखालीं उपकरणांची एक माळ उभी करून सोडली. तळाशीं नांगर, वर तरंगणारे गोळे आणि मध्यें दोरास बांधलेले उष्णतामापक व क्षारमापक, अशी तिची रचना. हिवाळ्याच्या अंधारांतही ती माळ मोजीत राहते.

"काका," ते म्हणाले, "या खाडीवर पूर्वीं हिवाळ्यांत जाड बर्फ जमत असे, त्यावरून गाड्या पलीकडच्या तीरास जात. आतां भर हिवाळ्यांतही होडी काढतां येते."

आम्हीं विचारलें, "हवा गरम झाली म्हणून?"

"हवा आहेच. पण पाण्याचाही वाटा आहे."

तो वाटा असा. ऊन प्रवाह किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर, खोल पाण्याच्या कडेनें उत्तरेस जातो. त्याच्या व खाडीच्या मध्यें उथळ तळ व थंड पाण्याचा पट्टा आहे. हा पट्टा म्हणजे जणुं खाडीचा कुडच. या दोन पाण्यांच्या सीमेवर भोंवरे उठतात, आणि ते ऊन पाणी कडेवरून आंत आणतात. काँग्सफ्योर्डच्या तोंडाशीं उंच उंबरठा नाहीं, उलट बाहेरून आंत येणारी खोल घळ आहे; त्यामुळें एकदां कुड ओलांडलेलें पाणी सहज आंत शिरतें. २००५-०६ च्या हिवाळ्यांत वाऱ्यांनीं या कामास विशेष हातभार लावला, आणि अटलांटिकचें पाणी भर थंडींत खाडींत पसरलें. त्या सालापासून खाडीचें हिवाळी बर्फ पूर्वींसारखें धरेनासें झालें आहे. दक्षिणेकडील ईसफ्योर्ड खाडींत तर २००४ सालीं निळे शिंपले सांपडले. आपल्या कोंकणांत ज्यांस शिणाणे म्हणतात त्यांच्याच कुळांतले हे प्राणी त्या किनाऱ्यावरून सुमारें हजार वर्षें नाहींसे झाले होते. ऊन पाण्यानें आपल्याबरोबर बिऱ्हाडकरूही आणले!

हे सर्व मोजणें इतकें कठीण कां, तेंही सांगितलें पाहिजे. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ आपल्या मोसमी वाऱ्याच्या दिवसांत जो प्रचंड भोंवरा उठतो, त्याचा व्यास शेंकडों किलोमीटर असतो. ध्रुवाकडे पृथ्वीच्या फिरण्याचा पाण्यावरील परिणाम अधिक तीव्र व पाण्याच्या थरांतील भेद कमी, म्हणून तेथील भोंवरे दहा-वीस किलोमीटरांचे. ज्या गणितांत पन्नास किलोमीटरांचा एक चौकोन धरतात, त्या गणिताच्या जाळ्यांतून हे मासे निसटून जातात. डिसेंबर २०२२ मध्यें समुद्राच्या पातळीचे बारीक चढउतार टिपणारा एक नवा उपग्रह आकाशांत गेला. पण त्याची फेरी ७८ अंशांपर्यंतच, आणि बर्फाखालीं तर कोणत्याच उपग्रहाची दृष्टि पोंचत नाहीं. म्हणून खाडींतील ती माळ दरवर्षीं वर काढून, पुसून, पुन्हां पाण्यांत सोडण्यास पर्याय नाहीं.

दक्षिणध्रुवाकडे भूगोल निराळा आहे, पण युक्ति तीच आहे. अंटार्क्टिकाभोंवतीं एक प्रवाह अखंड फेर धरतो. सेकंदास तेरा कोटि घनमीटरांहून अधिक पाणी तो वाहून नेतो. त्याच्या वाटेंत आडवा येणारा किनारा कोठेंच नाहीं, म्हणून दक्षिणेकडे सरळ जाणारा आपल्या नॉर्वेजियन प्रवाहासारखा ऊन प्रवाह तेथें बनूं शकत नाहीं. हा फेर ओलांडून दक्षिणेस ऊब नेण्याचें काम मुख्यत्वें भोंवरेच करतात. उत्तरेस ते मोठ्या प्रवाहाचे वांटेकरी, दक्षिणेस तेच खरे वाहक.

एक गोष्ट मात्र वाचकांनीं विसरूं नये. भोंवरे कांहीं आज उत्पन्न झालेले नाहींत. ओलाउस मॅग्नुसच्या काळींही ते फिरत होते, आणि तेव्हां खाडीवर बर्फ धरत होतें. भोंवरा हा हमाल आहे. पाठीवर जें ओझें चढवाल तें तो नेऊन टाकतो. गेल्या शंभर-दीडशें वर्षांत मनुष्यानें कोळसा व तेल जाळून पृथ्वीवर जी अधिक उष्णता सांठविली, तिचा सुमारें दहांतील नऊ हिस्से भाग समुद्रानें आपल्या पोटांत घेतला आहे. तेंच हें वाढलेलें ओझें. उन्हाळ्याच्या अखेरीस ध्रुवसमुद्रावर उरणारें बर्फ २०१२ सालीं केवळ ३४ लाख चौरस किलोमीटर इतकें खालीं आलें होतें. १९८० च्या सुमारास तें याच्या दुपटीहून अधिक असे. हमालावर रागावण्यांत अर्थ नाहीं.

नी-ऑलेसुनहून बोट निघाली तेव्हां मालवणचे ते तरुण धक्क्यावर उभे होते. थोड्याच दिवसांत माळ वर काढावयाची, वर्षभराचे आंकडे उतरून घ्यावयाचे आणि अंधार पडण्यापूर्वीं ती पुन्हां खाडींत सोडावयाची, असें काम त्यांच्यापुढें होतें. ओझें कोणत्या दिवशीं, किती खोलीवर व केवढें आलें, हें त्यांच्या वहींत नोंदलें जाईल. तें हलकें करण्याचें काम मात्र एकट्या त्यांचें नव्हे.